थंडीचा पुरावा

१९८६ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारने कडाक्याच्या थंडीचा दर ठरवला: आठवड्याला पाच पौंड. अट कागदावर तरी सरळ होती. सोमवार ते रविवार या सात दिवसांचं सरासरी तापमान उणे दीड अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली गेलं पाहिजे. हे तापमान मोजायचं ते मदत मागणाऱ्याच्या खोलीतलं नव्हे, तर त्याच्या भागाला नेमून दिलेल्या हवामान केंद्रावरचं. शिवाय कुटुंब सरकारी पूरक भत्त्यावर जगणारं हवं, घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा दीर्घकाळ आजारी कुणी हवं आणि गाठीला फारशी शिल्लक नको. एवढं सगळं जुळून आलं की पाच पौंड. गुरुवारी सुरू झालेला कडाका पुढच्या बुधवारी ओसरला, तर सात दिवस कुडकुडूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता जास्त. सरकारचा आठवडा सोमवारी सुरू होत असे आणि थंडीने तो पाळणं अपेक्षित होतं.

आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले काही दिवस, पहाटेची शेकोटी, हुरडा आणि पेपरात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी. ब्रिटनची थंडी तशी रशियासारखी नाही. ती ओली, लांबलचक आणि अंधारी असते. दुपारी चारला दिवे लागतात. भिंतींना ओल येते, खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचतं. घरं जुनी, त्यातली कित्येक व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, विटांच्या एकसंध भिंतींची. त्या भिंतीतून उष्णता बाहेर जात राहते. घरातली हवा निदान १८ अंश तरी असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पैसे कमी असले की म्हातारी माणसं एकाच खोलीत गॅसची शेगडी लावून बसतात आणि बाकीचं घर गार पडू देतात. रक्त दाटतं, रक्तदाब वाढतो, छाती भरते. हिवाळ्यात जास्तीचे मृत्यू होतात ते गोठून क्वचित, बहुतेक हृदयविकाराने, पक्षाघाताने आणि श्वसनाच्या आजारांनी. २०१७-१८ च्या एका हिवाळ्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये असे सुमारे ५० हजार जास्तीचे मृत्यू मोजले गेले. त्यातले सगळे गार घरामुळे झाले असं नाही, फ्लूचाही वाटा मोठा होता. पण फिनलंड, स्वीडनसारख्या कितीतरी थंड देशांत हिवाळ्यातली ही वाढ ब्रिटनपेक्षा कमी असते, हे संशोधक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये १९९० च्या दशकात अशीच पाहणी झाली. तिथे पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरूनही मृत्यू फारसे वाढत नव्हते, कारण घरं उबदार होती आणि बाहेर पडणारा माणूस फरमध्ये गुरफटलेला होता. म्हणजे माणूस मरतो तो बाहेरच्या पाऱ्यापेक्षा घरातल्या गारठ्याने. सरकारने मात्र पुढची कित्येक वर्षं बाहेरचाच पारा मोजला.

गरिबाला हिवाळ्यात जळण द्यावं ही कल्पना त्या देशात नवी नव्हती. चर्चच्या पॅरिशमधून विधवांना कोळसा वाटण्याची, २१ डिसेंबरला सेंट थॉमसच्या दिवशी गरीब बायकांनी घरोघर जाऊन धान्य आणि पैसे मागण्याची जुनी रीत होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या सामाईक जमिनी कुंपणं घालून खाजगी केल्या गेल्या, तेव्हा गरिबांचा तिथून काटक्या-कुटक्या आणि झुडपं तोडून आणण्याचा हक्क गेला. भरपाई म्हणून काही ठिकाणी जमिनीचा एखादा तुकडा ‘गरिबांच्या जळणासाठी’ राखून ठेवण्यात आला. लंडनजवळच्या हॅम्प्टनला १८११ मध्ये असे सुमारे दहा एकर मिळाले. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता. त्या जमिनीच्या उत्पन्नातून गावच्या गरिबांना जळण मिळायचं. १९८८ मध्ये विश्वस्तांनी ती जमीन एका सुपरमार्केट कंपनीला दोन कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली. बाजारभावाच्या कृपेने ही धर्मादाय संस्था एका रात्रीत गबर झाली आणि आजही तिथल्या गरजू घरांना वीज-गॅसच्या बिलासाठी अनुदान देते. जळणाचा हक्क काढून घेण्याच्या मोबदल्यात मिळालेला तुकडा मूळ हक्कापेक्षा जास्त टिकला, हा इतिहासाचा खोडसाळपणा. ज्या गावांना असा तुकडा मिळाला नाही, तिथे काहीच उरलं नाही.

विसाव्या शतकात ही जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. कल्याणकारी राज्याचा आराखडा मांडणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालात जगण्याच्या किमान खर्चात इंधन आणि दिवाबत्ती धरलेली होती. १९४८ पासून राष्ट्रीय साहाय्य आणि १९६६ पासून पूरक भत्ता सुरू झाला, त्यात गरजेप्रमाणे घर तापवण्याचा जादा खर्च जोडता येई. किती जोडायचा हे बऱ्याच अंशी समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असे. असा अधिकारी दयाळू असला तर उत्तम, नसला तर वरिष्ठांकडे दाद. १९८० च्या दशकात नियम पक्के करण्याची टूम निघाली आणि ‘अपवादात्मक तीव्र हवामान’ असा शब्दप्रयोग नियमात आला. अपवादात्मक कशाच्या तुलनेत? त्या त्या भागाच्या नेहमीच्या थंडीच्या तुलनेत, असा अर्थ लावला गेला. परिणाम असा की दक्षिणेतल्या एखाद्या समुद्रकाठच्या गावी जरासा कडाका पडला की मदत मिळे आणि स्कॉटलंडमध्ये त्याहून अधिक थंडी असूनही मिळत नसे, कारण तिथे थंडी नेहमीचीच. संसदेत यावरून रान उठलं. मग सगळीकडे एकच आकडा लावायचं ठरलं आणि १९८६ चा उणे दीड अंश अवतरला.

तो आकडा पहिल्याच हिवाळ्यात उघडा पडला. १९८७ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सैबेरियाकडून आलेल्या वाऱ्यांनी दक्षिण इंग्लंड गोठवून टाकलं. १२ जानेवारी हा तिथल्या शतकातल्या सर्वांत थंड दिवसांपैकी एक ठरला, भर दुपारीही पारा शून्याच्या खूप खाली होता. केंट परगण्यात बर्फाचे ढीग साचून गावं तुटली, रेल्वे बंद पडली. टीव्हीवर रोज म्हाताऱ्यांची घरं दिसत होती आणि सरकार मात्र आठवडा संपून सरासरी निघण्याची वाट पाहत होतं. सामाजिक सुरक्षा खात्याचा राज्यमंत्री होता जॉन मेजर, तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला माणूस. अर्थखात्याची नाराजी होती, विरोधक रोज सभागृहात सोलून काढत होते. शेवटी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी होकार दिला आणि पाऱ्याची वाट न पाहता त्या आठवड्याचे पाच पौंड जाहीर झाले. मेजर यांचं नाव देशभर पहिल्यांदा झालं ते या प्रकरणात, आणि चार वर्षांनी ते स्वतः पंतप्रधान होते. पाच पौंडांवर कुणी पंतप्रधान होत नाही हे खरं, पण मेजर गरीब घरातून आलेले होते, ब्रिक्स्टनच्या भाड्याच्या खोल्यांत वाढलेले. पाच पौंडांचं मोल थॅचर मंत्रिमंडळात ज्या मोजक्यांना कळत असेल त्यांच्यात ते असणार.

पुढच्या हिवाळ्यापासून आकडा शून्य अंशावर आला. १९८८ च्या सुधारणांत ही मदत नव्या सामाजिक निधीत गेली आणि पुढे सोमवार-रविवारची अट गेली, कुठलेही सलग सात दिवस चालू लागले. अर्ज करण्याची गरजही उरली नाही. आज ‘कोल्ड वेदर पेमेंट’ या नावाने जी योजना इंग्लंड-वेल्समध्ये चालते तिचा सांगाडा हाच. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात, तुमच्या पिनकोडला जोडलेल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांची सरासरी शून्य किंवा त्याखाली राहिली, किंवा राहील असा अंदाज आला, की पैसे आपोआप खात्यात. दिवसाची सरासरी काढायची ती कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनाने भागून. दुपारी चार अंश आणि रात्री उणे चार: शून्य, चालेल. दुपारी पाच आणि रात्री उणे चार: अर्धा अंश जास्त. सहा दिवस गारठल्यावर सातव्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि साती दिवसांची सरासरी शून्याच्या वर गेली, तर हाती काही नाही.

या हिशेबात वारा नाही आणि ओलही नाही. शेटलंड, ऑर्क्नी, वेस्टर्न आइल्स या बेटांवर समुद्रामुळे पारा शून्याखाली क्वचितच टिकतो, पण अटलांटिकवरून येणारा वारा हाडात शिरतो आणि बिल कुठल्याही डोंगराळ गावाइतकंच येतं. तिथले खासदार प्रत्येक हिवाळ्यात उभे राहून वाऱ्याचा गारवाही मोजा म्हणून सांगत. प्रत्येक सरकारने सहानुभूती दाखवली आणि नियम तसाच ठेवला. दरीतल्या केंद्राला जोडलेली डोंगरावरची गावं हीदेखील कायमची तक्रार. पिनकोड टपाल वाटण्यासाठी आखलेले असतात, थंडी मोजण्यासाठी नव्हे.

१९८० च्या त्याच दशकात आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी म्हाताऱ्यांना जाहीर सल्ला दिला की लोकरीची टोपी घाला, लांब उबदार अंतर्वस्त्रं घ्या, गरम पाण्याची पिशवी तपासून ठेवा. सल्ला चुकीचा नव्हता, याकुत्स्कवाल्यांनी मान डोलावली असती. पण पेन्शनवर जगणाऱ्याला मोटारीतून उतरणाऱ्या मंत्र्याने कानटोपी घाल म्हणून सांगणं कसं लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. वर्तमानपत्रांना वर्षभर पुरेल एवढी व्यंगचित्रं मिळाली.

मग १९९३ मध्ये अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी घरगुती वीज-गॅसवर व्हॅट लावला. तोवर तो शून्य होता. एप्रिल १९९४ पासून ८ टक्के आणि पुढच्या वर्षीपासून १७.५ टक्के, असा बेत. ८ टक्के लागू झाले. दुसरा टप्पा मात्र डिसेंबर १९९४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच काही खासदारांनी बंड करून हाणून पाडला, ३१९ विरुद्ध ३११ मतांनी. म्हाताऱ्यांच्या शेगडीवर कर ही गोष्ट मतदारांच्या मनात रुतून बसली. ब्रेंडा बोर्डमन या संशोधक बाईंनी १९९१ मध्ये ‘इंधन-दारिद्र्य’ या विषयावर पुस्तक लिहून एक साधी कसोटी दिली होती: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल तर ते घर या दारिद्र्यात आहे. राजकारण्यांना बोलायला आकडा मिळाला.

१९९७ च्या मे महिन्यात मजूर पक्ष सत्तेवर आला. सप्टेंबरात व्हॅट ५ टक्क्यांवर उतरला आणि २५ नोव्हेंबरला अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी नवी घोषणा केली. निवृत्तिवेतनधारक असलेल्या प्रत्येक घराला हिवाळ्यात २० पौंड आणि त्यातल्या गरिबांना ५० पौंड. पारा मोजायचा नाही, अर्ज नाही, उत्पन्नाची चौकशी नाही, करही नाही. वय झालं की झालं. सुरुवातीला दोनच हिवाळ्यांपुरती ही सोय होती. पण सरकारी भत्त्याला दोन वर्षांची मुदत घालणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

ब्राऊन यांची अडचण दुसरीच होती. पेन्शन महागाईशी जोडलेली होती आणि महागाई अगदी कमी होती. त्यामुळे एप्रिल २००० मध्ये पेन्शनमध्ये आठवड्याला फक्त ७५ पेन्सची वाढ झाली. संतापलेल्या वृद्धांनी सरकारला धारेवर धरलं. पेन्शनच वाढवली तर तो खर्च कायमचा आणि दरवर्षी फुगत जाणारा. हिवाळी भत्ता वाढवला तर पैसे कमी लागतात आणि ठसा मोठा उमटतो, कारण तो नाताळाच्या तोंडावर वेगळ्या पत्रासह येतो. म्हणून १९९९-२००० च्या हिवाळ्यात तो १०० पौंड झाला, मार्च २००० मध्ये १५० जाहीर झाले आणि त्याच नोव्हेंबरात २००. नंतर ८० वर्षांवरच्यांना ३००. २००८ च्या मंदीत तात्पुरती भर घालून तीन हिवाळे २५० आणि ४०० मिळाले. २००८ च्याच हिवाळ्यात कोल्ड वेदर पेमेंटही साडेआठ पौंडांवरून २५ पौंडांवर गेलं. २०१० चा डिसेंबर गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत थंड ठरला तेव्हा त्या २५ पौंडांचे १ कोटी ७० लाखांहून अधिक हप्ते वाटले गेले.

मधल्या काळात टपाल खात्यात काम केलेल्या ६२ वर्षांच्या एका गृहस्थाने सरकारला कोर्टात खेचलं. बायकांना भत्ता ६० व्या वर्षी मिळतो, मला ६५ पर्यंत का थांबवता? मला थंडी पाच वर्षं उशिरा वाजते काय, हाच त्याच्या दाव्याचा रोख. १६ डिसेंबर १९९९ ला युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. साठीच्या पुढच्या सगळ्यांना भत्ता मिळू लागला आणि पुरुषांना मागच्या हिवाळ्यांचेही पैसे मागता आले. पहिला वाद होता अवघ्या वीस पौंडांचा.

सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच. लॉर्डांना आणि निवृत्त बँकप्रमुखांनाही. स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हात स्थायिक झालेल्या ब्रिटिश वृद्धांनाही युरोपीय कायद्यामुळे भत्ता जाऊ लागला, तेव्हा लंडनची वर्तमानपत्रं पेटली. २०१५ पासून सरकारने तोडगा काढला: इंग्लंडचा सर्वांत उबदार भाग म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंड. हिवाळ्यात त्याहून उबदार असलेल्या देशांत राहणाऱ्यांना भत्ता बंद. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, सायप्रस, माल्टा गेले. फ्रान्सही गेला, कारण फ्रान्सची सरासरी काढताना कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप आणि हिंदी महासागरातलं रियुनियन ही फ्रेंच बेटंही धरली होती. आल्प्सच्या पायथ्याशी बर्फ उपसत बसलेल्या ब्रिटिश पेन्शनरला ग्वादलूपच्या नारळी बागांनी घालवलं. इटली मात्र राहिला. आयुष्यभर इंग्लंडच्या इस्पितळांत राबून पुण्याला परतलेल्या मराठी डॉक्टर-नर्सना या वादाशी कधीच कर्तव्य नव्हतं. त्यांना हा भत्ता नाही, आणि भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश पेन्शनही पहिल्या दिवशीच्या आकड्यावर गोठलेली राहते.

या भत्त्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी शोधून काढली. पैसे रोख येतात, ते कशावर खर्च करायचे याचं बंधन नाही. मग नावात ‘इंधन’ असल्याने काय फरक पडणार? लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजशी संबंधित अभ्यासकांनी घरखर्चाचे आकडे तपासले. नुसती मिळकत वाढली असती तर त्यातले सुमारे ३ टक्केच इंधनावर गेले असते. प्रत्यक्षात ४७ टक्के गेले. पाकिटावर लिहिलं ‘शेगडीसाठी’ आणि म्हाताऱ्यांनी ते जवळजवळ आज्ञेसारखं मानलं. कोपऱ्यातली गॅसची शेगडी अपराधीपणा न वाटता लावता यावी, एवढं काम त्या नावाने केलं.

हा भत्ता काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न पंतप्रधान थेरेसा मे यांच्या २०१७ च्या जाहीरनाम्यात झाला. श्रीमंत वृद्धांचा भत्ता बंद करू, असं त्यांनी म्हटलं. मजूर पक्षाने तेव्हा हिशेब मांडला की यामुळे जवळजवळ चार हजार माणसं दगावतील. मे यांचं बहुमत गेलं, उत्तर आयर्लंडच्या पक्षाशी तडजोड करताना भत्ता आहे तसा ठेवण्याची अट मान्य करावी लागली. मजूर पक्षाच्या त्या हिशेबाचा कागद पुढे सात वर्षांनी पुन्हा बाहेर निघायचा होता, आणि तोही त्यांच्याच अंगावर.

दरम्यान युक्रेनचं युद्ध पेटलं आणि गॅसचे भाव आभाळाला भिडले. नियामक ऑफजेमने ठरवलेली सर्वसाधारण घराची वार्षिक बिलाची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती, ती वर्षभरात ३,५४९ वर गेली. सरकारने हस्तक्षेप करून ती २,५०० च्या आसपास रोखली आणि वर प्रत्येक घराला ४०० पौंड दिले. त्या हिवाळ्यात वाचनालयं, चर्च आणि मशिदी यांनी ‘ऊबघरं’ उघडली. घर तापवणं परवडत नाही म्हणून दिवसभर वाचनालयात येऊन बसलेली माणसं श्रीमंत देशाच्या राजधानीत दिसू लागली.

तेव्हा सर्वांत जास्त भरडले गेले ते प्रीपेड मीटरवाले. हा मीटर बहुधा जिन्याखालच्या कपाटात किंवा दाराशी असतो. किल्ली किंवा कार्ड घेऊन नाक्यावरच्या दुकानात जायचं, दहा पौंड भरायचे, परत येऊन मीटरमध्ये घालायचं. पैसे संपले की थोडी उधारी मिळते, तीही संपली की अंधार. गॅस न वापरलेल्या दिवसांचाही ठरावीक आकार चढत राहतो, त्यामुळे पुढच्या वेळी भरलेल्या दहा पौंडांतले काही आधी थकबाकीत वळते होतात. कंपनीने कुणाचा पुरवठा तोडला असं कुठेच नोंदलं जात नाही, गिऱ्हाईकाने तो ‘स्वतः’ बंद केलेला असतो. थकबाकीदारांच्या घरात कोर्टाच्या परवानगीने शिरून असे मीटर सक्तीने बसवले जात होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे एका वर्तमानपत्राने उघड केल्यावर नियामकाने ते थांबवायला लावलं.

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने परत आला. २९ जुलैला नव्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी सांगितलं की आधीच्या सरकारने २,२०० कोटी पौंडांचा खड्डा करून ठेवला आहे आणि हिवाळी भत्ता यापुढे फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तत्सम गरिबीचा भत्ता घेणाऱ्यांनाच मिळेल. सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता एका घोषणेत गेला. बचत वर्षाला दीडशे कोटी पौंडांच्या आत. १० सप्टेंबरला संसदेत ३४८ विरुद्ध २२८ मतांनी शिक्कामोर्तब झालं. 

तत्त्व म्हणून पाहिलं तर रीव्ह्ज यांच्या म्हणण्यात चूक काढणं अवघड आहे. लॉर्डांना शेगडीचा भत्ता कशाला? घोळ होता तो दाराच्या जागेत. पेन्शन क्रेडिटसाठी एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २१८.१५ पौंडांच्या आत असावं लागे. जिला नवऱ्याच्या जुन्या कारखान्याची दोन-चार पौंडांची पेन्शन येत होती आणि त्यामुळे जी हे माप किंचित ओलांडत होती, तिचे २०० किंवा ३०० पौंड एकदम गेले. शिवाय हक्क असूनही पेन्शन क्रेडिट न मागणारी घरं लाखांत होती, सरकारच्याच अंदाजाने आठ लाखांच्या आसपास. का मागत नव्हती? काहींना ते माहीत नव्हतं. काहींना आपण भिकेला लागलो असं दाखवणं नको होतं. आणि अर्जात दोनशेहून अधिक प्रश्न होते: बचत किती, कुठे, घरात आणखी कोण राहतं, परदेशी कधी राहिलात का. ऐंशी वर्षांच्या, डोळ्यांनी अधू बाईने हा अर्ज भरायचा, तोही २१ डिसेंबरच्या आत, नाहीतर तो हिवाळा हातचा गेला. ब्राऊन यांनी भत्ता सगळ्यांना का दिला होता याचं उत्तर या अर्जात होतं. सगळ्यांना दिलं की खरा गरीब सुटत नाही, कारण त्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. श्रीमंताला दिलेले दोनशे पौंड ही त्याची किंमत होती, आणि माझ्या मते ती फार नव्हती.

घोषणेनंतर पेन्शन क्रेडिटच्या अर्जांची रीघ लागली, जास्तीची पाचशे माणसं कामाला लावावी लागली. बरेच अर्ज मंजूर झाले, म्हणजे ‘बचतीच्या’ निर्णयाने सरकारचा दुसरीकडचा खर्च वाढवला. नोव्हेंबरात खात्याचं अंतर्गत गणित प्रसिद्ध झालं: या निर्णयाने आणखी सुमारे ५० हजार वृद्ध सापेक्ष दारिद्र्यात जातील. मजूर पक्षाचा २०१७ चा चार हजार मृत्यूंचा कागद विरोधकांनी आनंदाने फडकावला.

देणं आणि काढून घेणं यांचा निवडणुकीशी असलेला संबंध आपल्याकडेही दिसला. हा निर्णय जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, २८ जून २०२४ ला, महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, दरमहा दीड हजार रुपयांची. निवडणुका तोंडावर असताना अर्ज सुलभ होते. निवडणुका झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि चारचाकी कुणाच्या दारात आहे याची विचारपूस होऊ लागली. रीव्ह्ज यांनी काढून घेण्याचं काम निवडणूक होऊन महिनाही झाला नसताना केलं, पुढच्या मतदानाला पाच वर्षं आहेत या हिशेबाने. तो हिशेब मात्र चुकला, कारण मधे स्थानिक निवडणुका होत्या. १ मे २०२५ ला दारोदार फिरणाऱ्या मजूर कार्यकर्त्यांना भत्त्याबद्दलच ऐकून घ्यावं लागलं. रनकॉर्न अँड हेल्सबी ही त्यांची पक्की जागा पोटनिवडणुकीत रिफॉर्म पक्षाने जिंकली, अवघ्या सहा मतांनी.

२१ मेला पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी माघारीचे संकेत दिले. ९ जूनला रीव्ह्ज यांनी नवा नियम सांगितला: इंग्लंड-वेल्समध्ये वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या वृद्धांना भत्ता परत. भत्ता मिळणाऱ्यांची संख्या सुमारे ९० लाखांवर गेली आणि बचत उरली ती सुमारे ४५ कोटी पौंडांची. या वेळी अर्ज ठेवला नाही. पैसे आधी सगळ्यांना द्यायचे आणि ३५ हजारांवरच्यांकडून आयकर खात्याने नंतर वसूल करायचे. गरिबीचा पुरावा मागण्याऐवजी श्रीमंतीचा हिशेब करवसुलीवर सोडला, एवढं शहाणपण एका हिवाळ्याने शिकवलं.

स्कॉटलंडने पाऱ्याचा नाद आधीच सोडला होता. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे कोल्ड वेदर पेमेंटच्या जागी कमी उत्पन्नाच्या घरांना सरसकट रक्कम मिळते, सुरुवातीला ५० पौंड, थंडी कितीही पडो. शेटलंडच्या वारेवाल्यांचा प्रश्न त्यामुळे सुटला. ब्रेमारच्या लोकांची मात्र कुरकूर सुरू झाली. अ‍ॅबरडीनशायरच्या डोंगरात वसलेल्या या गावी ब्रिटनचं नीचांकी तापमान, उणे २७.२ अंश, नोंदलेलं आहे. जुन्या नियमात तिथला पारा एका हिवाळ्यात अनेकदा अट पूर्ण करायचा आणि दर वेळी २५ पौंड मिळायचे. सरसकटच्या पन्नासात ते तोट्यात गेले. इंग्लंड-वेल्समध्ये पारा अजून मोजला जातो, आणि सात दिवसांच्या शून्याखालच्या थंडीचा दर २००८ पासून तेवढाच आहे, २५ पौंड.